आधी फीत, मग यंत्र

जुना प्रोजेक्टर घ्यायचा तर भारदस्तच घ्यायचा, असे ठरवून मी मुंबईच्या चोरबाजारात गेलो. १६ मिलिमीटरचे एक धूड पाहताच जीव जडला. सौभाग्यवतींनी एकच प्रश्न केला, "आपली फीत ह्यात चालेल का हो?"

मी वरमलो! आजोबांनी १९६२ साली घेतलेली ८ मिलिमीटरची एकच फीत घरात आहे. तीत आजी तुळशीपाशी दिवा लावते. माझ्या जन्माआधीच ती गेली. तिला हालताना-चालताना पाहण्याची एवढीच सोय.

वाचकहो, ह्या व्यवहारात यंत्राच्या रूपापेक्षा फितीची भोके महत्त्वाची. कोडॅकने १६ ची फीत १९२३ मध्ये आणली, ८ ची १९३२ मध्ये. १९६५ साली सुपर ८ आली. तिचीही रुंदी तीच. पण भोके लहान आणि जागा निराळी. एकीच्या यंत्रात दुसरी घातली, की दाते फीत फाडतात. दोन्ही चालवणारी यंत्रेही निघाली म्हणा! शिवाय जुनी फीत आकसली असेल, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर ती यंत्रात घालूच नये.

अखेर ८ चे एक साधे, काळे यंत्र घेतले. दुकानदाराची टाकाऊ फीत आधी चालवून पाहिली; ओरखडाही उठला नाही.

रात्री भिंतीवर आजीने दिवा लावला, पदर सावरला. सत्तरीचे बाबा खुर्ची पुढे ओढून बसले.

"आई," एवढेच म्हणाले.