केमो चालू असलेल्या माणसाचं ताट काढून घेऊ नका



परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा आपल्याच बिल्डिंगमध्ये केमोथेरपी घेणारं कुणी ना कुणी असतंच. त्या घरी आपण डबे नेतो, फळं नेतो आणि जाता जाता सल्लेही देऊन येतो. हे आवाहन त्या डब्यांबद्दल आणि सल्ल्यांबद्दल आहे.

‘साखर तोडा म्हणजे गाठ उपाशी मरेल’, ‘दूध-अंडी बंद करा’, ‘नुसत्या गव्हांकुराच्या रसावर ठेवा’ असं सांगणारे मायेपोटीच सांगतात. पण अशा पथ्याने गाठ मरत नाही, पेशंट खंगतो. अन्न कमी पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. अंगात त्राण उरलं नाही की डॉक्टरांना डोस कमी करावा लागतो किंवा पुढची सायकल लांबवावी लागते, म्हणजे उपचारच अडतो. सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ती धोक्याची खूण असते. साठ किलोच्या बाईचे हे जेमतेम 3 किलो. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागेपर्यंत ते घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवा, सकाळी एकाच काट्यावर वजन करा, वहीत लिहा आणि ती वही ओपीडीत डॉक्टरांपुढे ठेवा. मधुमेह असेल तर साखरेचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा, शेजाऱ्यांना नको.

दुसरं, ‘केमो म्हटल्यावर उलट्या होणारच’ हे वाक्य कृपा करून पेशंटला ऐकवू नका. ते ऐकून माणसं गप्प सोसत राहतात आणि डॉक्टरांना सांगतच नाहीत. केमोच्या औषधाने आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन सुटतं आणि मेंदूला ओकारीचा इशारा जातो. ऑन्डान्सेट्रॉनसारखी गोळी तो इशारा अडवते. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंतची मळमळ मात्र बरीचशी वेगळ्या वाटेने येते. तिच्यासाठी अॅप्रेपिटंट, डेक्सामेथासोन, ओलांझापिन अशी औषधं देतात. ती उलटीची वाट न पाहता लिहून दिलेल्या वेळेलाच घ्यायची असतात. ओलांझापिन मानसिक आजारातही वापरतात, एवढं मोबाइलवर वाचून काही घरांत ती गोळी परस्पर बंद होते. तसं करू नका. गुंगी फार येत असेल तर डॉक्टरांना सांगा. टाटा रुग्णालयातच झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 10 मिलिग्रॅमऐवजी 2.5 मिलिग्रॅम ओलांझापिननेही उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि दिवसाची झोप कमी झाली.

आता डबा. लसणाची फोडणी चुरचुरली की आतल्या खोलीत पडलेल्या पेशंटच्या पोटात ढवळून येतं, आणि मग त्या दिवशीचं जेवण गेलंच. शक्य असेल तर फोडणीचं काम आपल्या घरी उरका आणि डबा कोमट करून न्या. गरम वाफेबरोबर वास पसरतो. मऊ भात, मुगाचं घट्ट वरण, वर चमचाभर तूप, नाचणीची आंबील, नीट उकडलेलं अंडं, राजगिऱ्याचा लाडू यातलं काहीही चालेल. मोठं ताट वाढू नका. एक वाटी द्या, दोन तासांनी पुन्हा विचारा. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी काचेची वाटी आणि लाकडी चमचा देऊन पाहा. चार घास खाऊन वाटी परत आली तर रागावू नका, अन्नाचा अपमान झाला असं तर मुळीच म्हणू नका.

रुग्णालयाबाहेर अन्नदान करणाऱ्या मंडळांनाही हीच विनंती आहे. नातेवाइकांना पुरीभाजी चालेल, पेशंटसाठी मात्र एक पातेलं पेजेचं वेगळं ठेवा. कापून ठेवलेली फळं आणि गाडीवरचा रस वाटू नका, कारण केमोत पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतूही जड जातो.

ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, पाण्याचा घोटही पोटात टिकेना किंवा लघवी फार कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं असतं. तुमच्याकडे गाडी असेल तर आजच त्या घरी जाऊन आपला नंबर द्या आणि रात्री कधीही फोन करा म्हणून सांगून या.