पोळी-भाजीवाल्या बाईंची नोंद

घरगुती डबे देणाऱ्यांचा आणि घरी येऊन स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पत्ता क्षणार्धात देणारे एक नवे ॲप निघाल्याची वार्ता या आठवड्यात एका स्नेह्यांनी उत्साहाने सांगितली, म्हणून शेजारच्या आजारी आजींसाठी मऊ भात आणि अळणी भाजी कोठे मिळेल हे पाहण्यास आम्ही ते उघडले. दूरदूरच्या उपाहारगृहांची छायाचित्रे त्यात भरपूर होती. परंतु आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा मागमूस नव्हता.

असणार तरी कसा? नोंदणीचा अर्ज इंग्रजीत, वर प्रत्येक डब्यामागे दलाली. 2006च्या अन्नसुरक्षा अधिनियमान्वये सरकारी दप्तरी करावयाची नोंद बाईंनी केलेली आहे, आणि ती रास्तच आहे. पण ज्यांना दुकानाची पाटीसुद्धा नाही, त्यांच्याकडे ॲपने बोधचिन्ह मागणे हा निव्वळ अविचार होय. मावशींच्या बाबतीत तर मला खरा संताप आला. त्यांचे वय, छायाचित्र, मागील घरांचा अभिप्राय, सारे विचारले जाते. मात्र घरात माणसे किती, भांडी घासण्याचीही अपेक्षा आहे काय, आठवड्याची सुटी मिळणार की नाही, याविषयी घरमालकाला एक अक्षर विचारलेले नाही.

मुंबईच्या गिरणगावात हा व्यवहार ॲपवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालला. गावी कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना पाळीच्या वेळेप्रमाणे जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका पगार होईपर्यंत उधारी सांभाळीत आणि वाण्याचे देणे भागविण्यास सावकाराचे कर्ज काढीत. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाची तजवीज केली, तेव्हा या श्रमांना प्रतिष्ठेचा पहिला दाखला मिळाला. हे कार्य बायकांच्या चुलीपर्यंत जाऊन, त्यांची अडचण त्यांच्याच तोंडून ऐकून झाले, याचे मला आजही अतिशय मोल वाटते.

म्हणून ॲप घडविणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे, की अर्ज मराठीत करा, तो भरून घेण्यास माणूस दारी पाठवा, आणि बाईंचा जम बसेपर्यंत दलाली घेऊ नका. जाल ते दुपारी तीननंतर जा. त्याआधी त्यांना बोलायला सवड नसते.