बंदूक इथली, आराखडा कुणाचा?

जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या पाषाण येथील ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेने ‘उग्रम’ नावाची रायफल देशासमोर ठेवली. ७.६२ मिलिमीटर व्यासाची गोळी, चार किलोहून कमी वजन आणि पाचशे मीटरपर्यंत मारा ही तिची वैशिष्ट्ये. हैदराबादच्या एका खासगी उद्योगाला हाताशी धरून शंभर दिवसांच्या आत हे शस्त्र आकाराला आले. त्यापूर्वी तीन वर्षे, जानेवारी २०२१ मध्ये, याच संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल सिद्ध केले होते. त्यामागे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड या सैनिकी अधिकाऱ्याची कल्पकता होती. आराखड्यापासून प्रत्यक्ष शस्त्रापर्यंतचा प्रवास चार महिन्यांत झाला. २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागासाठी त्यातील ५५० पिस्तुले घेतली गेली.

शस्त्रांविषयी आस्था बाळगणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. निवृत्त सैनिक, नेमबाज, यंत्रशास्त्राचे विद्यार्थी, जुन्या बंदुकांचे अभ्यासक असे लोक त्यात आहेत. अशा बातमीने तो हरखून जातो. कोणती नवी रचना येणार, तिचे वजन किती, चाप कसा, नळी कुठे घडली, याची तो तासन् तास चर्चा करतो. इतरांना हा पोरखेळ वाटतो. तो पोरखेळ नाही. सैनिकाच्या हातात काय आहे याची चौकशी करणारा नागरिक हा राष्ट्राच्या जागरूकतेचाच एक भाग असतो. प्रश्न एवढाच की, त्याच्या या आशेला आधार किती? एक ‘अस्मी’, एक ‘उग्रम’ येते, कौतुक होते. पण त्यातून शस्त्ररचनेची परंपरा उभी राहते का?

हा प्रश्न महाराष्ट्राला तरी नवा वाटू नये. महादजी शिंद्यांनी कवायती फौज उभारली तेव्हा आग्र्यात तोफांचा कारखानाही काढला. सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तिथे उत्तम तोफा ओतल्या जात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे याच तोफखान्याने इंग्रजांची दाणादाण उडवली आणि मराठी गोलंदाज अखेरपर्यंत आपल्या तोफांपाशी उभे राहिले. उणीव शौर्यात नव्हती, तोफांतही नव्हती. ती विद्या आणि तिचे नेतृत्व परक्या हातांत होते. इंग्रजांचा जाहीरनामा निघताच शिंद्यांच्या पदरच्या अनेक युरोपीय अधिकाऱ्यांनी चाकरी सोडली आणि सेनापती पेराँनेही त्याच महिन्यात इंग्रजांचा आश्रय घेतला. कारखाना आपल्या भूमीवर असणे आणि त्या कारखान्यातली विद्या आपली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा आपण तेव्हा फार मोठी किंमत मोजून घेतला.

स्वतंत्र भारताने तो कितपत ध्यानात ठेवला? १९६२ मध्ये चिनी आक्रमणाला आपले जवान सामोरे गेले ते प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणाऱ्या .३०३ रायफली घेऊन. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातून बेल्जियन रचनेवर बेतलेली एसएलआर आली आणि तिने दोन पिढ्या सेवा केली. खऱ्या अर्थाने आपली म्हणावी अशी पहिली रायफल म्हणजे ‘इन्सास’. तिचे कामही पाषाणलाच झाले. १९९० च्या दशकात ती सैन्यात आली आणि १९९९ च्या कारगिल युद्धात तिची कठोर परीक्षा झाली. थंडीत मॅगझीनला तडे गेल्याच्या, गोळीबाराच्या वेळी तेल डोळ्यांत उडाल्याच्या, तीन गोळ्यांच्या जागी अखंड गोळ्या सुटल्याच्या तक्रारी आल्या. तक्रारी खऱ्या होत्या. रणांगणावर उभ्या असलेल्या जवानाने स्वदेशीच्या प्रेमापोटी सदोष शस्त्र सहन करावे, असे कोणीही म्हणणार नाही.

पण दोष निघाल्यावर पुढे काय करायचे, यातच राष्ट्राची वृत्ती दिसते. अमेरिकेची एम-१६ रायफल व्हिएतनाममध्ये ऐन लढाईत अडकू लागली, जवान मेले, १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. दारूची प्रत, नळीमागच्या कक्षातील क्रोमचा मुलामा, साफसफाईची साधने या साऱ्यांत दुरुस्ती झाली आणि त्याच रायफलीचे वंशज पुढे अर्धशतकाहून अधिक काळ अमेरिकी सैनिकाच्या खांद्यावर राहिले. ब्रिटनच्या एसए-८० रायफलीने १९९१ च्या आखाती युद्धात आपल्याच सैन्याला जेरीस आणले. ब्रिटनने एका जर्मन कंपनीच्या अभियंत्यांची मदत घेतली, हजारो रायफली उलगडून दुरुस्त केल्या, पण रायफल टाकून दिली नाही. कलाश्निकोव्हची १९४७ ची रचनाही जशीच्या तशी राहिली नाही. १९५९ ची एकेएम, १९७४ ची एके-७४ आणि अलीकडची एके-१२ या तिच्याच पुढच्या पायऱ्या. उत्तम शस्त्र जन्माला येत नाही, ते घडत जाते. नवनिर्मिती म्हणतात ती हीच.

आपल्याकडे ‘इन्सास’मध्ये सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. पण रणभूमीवरील जवान, पाषाणचा संशोधक आणि ईशापूर-कानपूरचा कारागीर यांना एका मेजाशी बसवून वर्षानुवर्षे एकच रायफल घासून पुसून निर्दोष करण्याची चिकाटी आपण दाखवली नाही. संशोधक म्हणे, कारखान्याचा दोष. कारखाना म्हणे, रचनेचा दोष. लष्कर म्हणे, आम्हाला शस्त्र हवे आहे, खुलासे नकोत. २०१७ मध्ये ईशापूरची नवी ७.६२ मिलिमीटरची रायफल चाचणीत नाकारली गेली. २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली घेतल्या गेल्या. पाठोपाठ डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरवा येथे सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली बनवण्याचा रशियाशी करार झाला.

सीमेवरच्या जवानाची गरज पाहता या निर्णयांना दोष देता येणार नाही. कोरव्याच्या कारखान्यातून हजारो कुशल हात तयार होतील, हेही मोलाचे. परंतु परवान्यावर शस्त्र बनवताना ते ‘कसे’ करायचे हे कळते. ते ‘तसेच का’ केले हे कळतेच असे नाही. तो ‘का’ केवळ स्वतः चुका करून, स्वतः त्या सुधारून हाती येतो. ज्याच्याजवळ तो आहे, तोच पुढची बंदूक रचू शकतो.

कार्बाइनची कथा या दृष्टीने बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील स्टर्लिंगच्या रचनेवरची कार्बाइन आपले सैन्य एकविसाव्या शतकातही वापरत राहिले. २०१८ मध्ये तातडीची गरज म्हणून ९३,८९५ परदेशी कार्बाइन निवडल्या गेल्या; २०२० मध्ये तो व्यवहारच रद्द झाला. अखेरीस २०२५ मध्ये सव्वाचार लाख कार्बाइनच्या निविदेत पुण्याच्या भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली आणि मोठा वाटा तिच्याकडे आला. त्या कार्बाइनचा आराखडा पाषाणचा आहे. रचना इथली, उद्योग इथला आणि ग्राहक आपले सैन्य! शस्त्रप्रेमींची आशा जिथे टेकू शकेल, अशी ही जागा आहे. मात्र पहिल्या काही हजार कार्बाइनमध्ये दोष निघतील. ते निघणारच. तेव्हा पुन्हा ‘इन्सास’चा इतिहास गिरवायचा, की एम-१६ चा, हे आताच ठरवले पाहिजे.

संरक्षण उत्पादनाची दारे खासगी क्षेत्राला २००१ मध्ये उघडली. २०१६ च्या नव्या शस्त्र नियमांनी आणि २०१७ च्या सुधारणांनी उत्पादनाचे परवाने सुकर केले. बंगळुरूच्या एका स्प्रिंगा बनवणाऱ्या उद्योगसमूहातून ‘एसएसएस डिफेन्स’ उभी राहिली आणि तिच्या स्नायपर रायफली परदेशी जाऊ लागल्या, हे त्याचे फळ. बंदुकीचा प्राण स्प्रिंगेत असतो हे जाणणाऱ्यांनी बंदूक करावी, यात नवल नाही. पण अशा रचनाकाराला तीन गोष्टी हव्यात: चाचणीसाठी मैदान आणि पुरेशी काडतुसे, दोष तोंडावर सांगणारा जवान, आणि शे-पाचशे शस्त्रांची का होईना, पण हमखास मागणी. ‘अस्मी’ची ५५० ची मागणी संख्येने लहान, पण त्या दृष्टीने फार मोठी. अशा लहान मागण्यांतूनच दुसरी, तिसरी आवृत्ती निघते. सगळे किंवा काहीच नाही, अशा प्रचंड निविदांतून ती निघत नाही.

नागरी क्षेत्राचे चित्र अधिक मलूल आहे. सिलिंडर बाजूला उघडणारी ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कंपनीने २०२३ मध्ये आणली, तेव्हा नावीन्य म्हणून तिचे स्वागत झाले. ही युक्ती अमेरिकेत कोल्टने १८८९ मध्येच बाजारात आणली होती. कोल्हापूरच्या मातीतल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्यपदक जिंकले, मान अभिमानाने उंचावली. पण त्याच्या हातातली रायफल भारतीय नव्हती. इतके नेमबाज घडवणाऱ्या देशाला स्पर्धेच्या दर्जाची एअर रायफल रचता येऊ नये?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शस्त्रनिर्मितीला उत्तेजन म्हणजे घरोघरी बंदुका, आणि त्याचे परिणाम अमेरिकेतील शाळांमध्ये दिसतात. म्हणून रचनेचे स्वातंत्र्य आणि बाळगण्याचे स्वातंत्र्य यांत भेद केलाच पाहिजे. बाळगण्यावरचे निर्बंध कडकच असावेत. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आली, ते योग्यच झाले. परंतु १८७८ च्या लॉर्ड लिटनच्या कायद्याने भारतीयांना निःशस्त्र करताना बंदूक रचणाऱ्या हातांकडेही संशयाने पाहायला शिकवले. ती नजर अजून पुरती गेलेली नाही. मीर कासिमच्या काळापासून बंदुका घडवणारे मुंगेरचे कारागीर पिढ्यान् पिढ्या त्याच बारा बोअरच्या बंदुका करत बसले, आणि काम आटल्यावर त्यांतले कित्येक बेकायदा कट्ट्यांच्या धंद्यात ओढले गेले. कौशल्याला सन्मार्ग दिला नाही तर ते आडमार्ग शोधते.

‘अस्मी’ या नावात अस्मितेचा उच्चार आहे. अस्मिता नाव ठेवल्याने येत नाही. पहिल्या आवृत्तीतला दोष मान्य करून दुसरी आवृत्ती काढण्याने ती येते. ‘उग्रम’च्या अनावरणाला टाळ्या पुष्कळ पडल्या. तिची दुसरी, तिसरी, पाचवी आवृत्ती निघेल आणि तिच्यावर सीमेवरचा जवान डोळे मिटून विश्वास टाकेल, तेव्हाच असईच्या गोलंदाजांचे ऋण थोडेफार फिटले असे म्हणता येईल.