उलटतपासणी करा, हकालपट्टी नको

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश आरमाराच्या आर्क्टिक मोहिमांची छापील चित्रे म्हणजे साम्राज्याची जाहिरातबाजी, पुरावा म्हणून ती कवडीमोलाची, असे हल्ली बेधडक सांगितले जाते. हे मत मला साफ अमान्य आहे.

आक्षेपकांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी घेऊ. अशीच एक मोहीम नेणाऱ्या जॉन रॉसच्या १८१९ च्या ग्रंथात आर्क्टिकमधल्या लँकेस्टर साउंड या जलमार्गाचे दृश्य आहे. ३१ ऑगस्ट १८१८, दुपारचे तीन, ‘इझाबेला’ जहाजावरून दिसलेले. समोर डोंगरांची रांग वाट अडवून उभी. रॉसने त्यांना नौदल खात्याचा सचिव क्रोकर याचे नावही दिले. प्रत्यक्षात तिथे डोंगर नव्हतेच! १८१९ मध्येच पॅरी या आरमारी अधिकाऱ्याने त्याच पाण्यातून जहाजे पश्चिमेकडे मेल्व्हिल बेटापर्यंत नेली.

चित्र खोटे ठरले, हे खरेच. पण स्थळ, तारीख आणि वेळ छापून रॉसने आपले म्हणणे चारचौघांत मांडले, म्हणूनच ते पडताळता आले. जाहिरात अशी स्वतःला तपासणीच्या तोंडी देत नाही.

‘ही केवळ गोऱ्यांची नजर’ हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर त्याच ग्रंथात आहे. मोहिमेचा दुभाष्या जॉन सॅकेअस हा ग्रीनलंडचा इनुइट. उत्तर ग्रीनलंडच्या लोकांशी झालेली पहिली भेट त्याने रेखाटली, आणि ती त्याच्या नावानिशी छापली गेली. कातडी पेहरावातली माणसे, कुत्र्यांची घसरगाडी आणि बर्फावर पूर्ण गणवेशात उभे असलेले अधिकारी. त्या गणवेशाचे अवघडलेपण त्याने नेमके टिपले आहे.

‘हाल लपवले’ हा तिसरा आक्षेप अर्धाच खरा. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या आर्क्टिक मोहिमेवरच्या जहाजावरील अधिकारी क्रेसवेल याची आठ रंगीत शिळाछाप चित्रे १८५४ मध्ये निघाली. त्यांतल्या एकात उंचसखल बर्फावरून घसरगाडी ओढणारे खलाशी आहेत. एप्रिल १८५३ मध्ये निघालेल्या त्या तुकडीत आजारी माणसांचा भरणा होता, हे मात्र चित्र सांगत नाही. ते मोहिमेच्या नोंदींतून कळते. श्रम छापायचे आणि रोग वगळायचा, ही निवडच त्या काळाबद्दल बोलते. चित्र फेकून दिले, तर ही निवड दिसणार कशी?

म्हणून माझा आग्रह असा: रेखाटले कोणी, छापासाठी उतरवले कोणी, विकले कोणी, हे प्रत्येक चित्रासोबत सांगावे आणि ते रोजनिशीशेजारी ठेवून वाचावे. खोटे बोलणारा साक्षीदारही उलटतपासणीत खूप काही सांगून जातो. त्याला न ऐकताच हाकलणारा इतिहासकार आपल्याच हाताने पुरावा गमावतो.