15 नोव्हेंबरला आम्ही उसात असतो



आम्ही राहूकडची पोरं. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधलं हे बेट. तुमच्यासारखं जंगल इथं नाही. नजर जाईल तिथं ऊस आणि गुऱ्हाळाचा धूर. आमच्या वस्त्या नदीकाठाला, नाहीतर माळावर वनखात्याच्या जमिनीत. म्हणजे दुखणं तुमचंच.

2021 साली केंद्र सरकारनं ठरवलं, 15 नोव्हेंबर हा जनजातीय गौरव दिवस. (जनजातीय! आम्ही आदिवासी, हा शब्द आमच्या तोंडात बसत नाही.) त्या दिवशी बिरसा मुंडांचा जन्म, 1875 चा. इंग्रजांच्या रांचीच्या तुरुंगात ते 1900 साली गेले, तेव्हा वय जेमतेम आमच्याएवढं. त्यांना मान द्यायला आमची हरकत कशी असेल? हरकत आहे ती सण करायच्या रीतीला.

15 नोव्हेंबरला आपली माणसं असतात कुठं? नंदुरबार-धुळ्याकडचे भिल्ल कोपी घालून ऊस तोडायला आलेले असतात. कातकरी दिवाळी झाली की वीटभट्टीवर. 2024 साली तर गाळप सुरू करायची तारीखच सरकारनं 15 नोव्हेंबर दिली होती. हातात कोयता आणि म्हणे गौरव.

एका वर्षी आम्हालापण कार्यक्रमाला नेलं. गाडी पाठवली, बायांना सांगितलं नटून या, नाचायचंय. पुरीभाजी झाली, जिलबी झाली. भाषणात जल, जंगल, जमीन सगळं आलं. वस्तीवरच्या एका आजीनं वनदाव्याची पोच पुढं केली, तर साहेब म्हणाले, "आज नको आजी, आज सण आहे."

त्या दिवशी परतताना आम्ही ठरवलं, आपला सण आपणच काढायचा. देशाचाच सण, पण आपल्या हंगामाचा. दिवस 25 सप्टेंबर.

1930 साली याच तारखेला उरणजवळ चिरनेरला लोक अक्कादेवीच्या टेकडीवर जमले. जंगलचा कायदा मोडायला. गोळीबार झाला, त्यात माणसं गेली. त्यांच्यात आपला नाग्या कातकरी होता. चिरनेरला दरवर्षी या हुतात्म्यांना मानवंदना देतात, चांगलंच आहे. पण त्यांनी जो मोडला तो 1927 चा वनकायदा अजून चालू आहे, आणि सरपणाच्या मोळीवर आजही त्याच्याच कलमानं आपल्यावर केस होते. तेव्हा मोडला तो देशभक्त, आज मोळी आणली तो चोर. हे कुणी समजावून सांगेल का?

कुणी म्हणेल, सण असा ठरवून होतो होय? मग 26 जानेवारी कसा झाला? 1930 साली काँग्रेसनं ठरवला, लोकांनी इंग्रजांच्या राज्यात पाळला, आणि वीस वर्षांनी त्याच तारखेला प्रजासत्ताक आलं.

सप्टेंबरात माणसं घरी असतात. खायला जिलबी कशाला पाहिजे? आमच्याकडं बाजरीची कणसं भाजायची, मुगाच्या ओल्या शेंगा उकडायच्या, नदीचे मासे. तुमच्या डोंगरात खेकडे, काकडी, भोपळा असतो. ज्याच्या शिवारात जे असेल ते त्यानं आणायचं, विकत काही आणायचं नाही. गूळ मात्र आमच्याकडून. इतकी वर्षं दुसऱ्याचाच वळला.

आणि नाचाच्या आधी काम. सकाळी सगळ्यांनी मिळून हद्दीवरनं फेरी मारायची. पोरांनी मोबाईलवर जागा टिपायच्या: जुनी विहीर, पडकं घर, देवाचं झाड, मसणवटा. दुपारी म्हाताऱ्या माणसांना मधी बसवून विचारायचं, 13 डिसेंबर 2005 च्या आधी कुठलं वावर कोण कसत होतं. ते लिहून घ्यायचं, खाली अंगठा. वनहक्क कायद्याच्या नियम 13 मध्ये या खुणा पुरावा म्हणून धरल्यात, आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचं लेखी म्हणणंसुद्धा. साहेब पुरावा नाही म्हणतो, आणि पुरावा तर चुलीपुढं बसलेला असतो! दरवर्षी एकदोन म्हातारी माणसं जातात, त्यांच्याबरोबर तेवढा पुरावा जातो. ज्यांचा दावा फेटाळला त्यांनी त्याच बैठकीत अपील लिहायचं. कळवल्यापासून साठ दिवसांची मुदत असते, ती घरात बसून जाते.

यंदा आमच्या वस्तीवर करतोय. दोन कोऱ्या वह्या आणि शाईचं पॅड आणलंय. ती आजी पहिली बोलणार आहे, तिनं आत्तापासूनच आठवायला घेतलंय. तुमच्या गावात कोण करणार ते पुढच्या अंकाआधी कळवा, गूळ किती लागेल ते पण.