डॉक्टरांचा शब्द आणि कंपनीचा पैसा: २००३ चा विसरलेला धडा

१/ छत्रपती संभाजीनगरात एकीकडे चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील कारखाने आहेत. दुसरीकडे १९५६ पासून मराठवाड्याच्या लेकरांचा आधार ठरलेली 'घाटी'. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चण्याची जबाबदारी टाकली. तेव्हा बालआरोग्यासाठी डॉक्टरांच्या संघटना आणि कंपन्या एकत्र येणे ओघाने आलेच. प्रश्न अटींचा आहे, आणि तो जुना आहे.

२/ १९३९, सिंगापूर. रोटरी क्लबच्या सभेत डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भाषण केले. शीर्षक होते 'दूध आणि हत्या'. मातेचे दूध तोडून डब्याच्या दुधाकडे वळवणारा प्रचार अर्भकांच्या जिवावर उठतो, हा त्यांचा आरोप होता. अस्वच्छ पाणी, न उकळलेली बाटली, पुरवून वापरण्यासाठी पातळ केलेले दूध: मरण असे घरात शिरत असे.

३/ जगाला जाग यायला चार दशके लागली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा विक्रीवर आचारसंहिता स्वीकारली. बाजूने ११८ मते, विरोधात एकच: अमेरिकेचे.

४/ पुढचा टप्पा आपल्या मातीतला. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' स्थापन झाले. १९९२ मध्ये संसदेने अर्भक दुग्धपर्याय कायदा केला. जाहिराती आणि मोफत नमुने थांबले. डॉक्टरांना वैयक्तिक भेटी देणेही निषिद्ध ठरले. परंतु संघटनेच्या परिषदेचा खर्च? ती फट उरलीच.

५/ येथे एक अभिमानाची गोष्ट. कायद्याची वाट न पाहता भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नव्वदच्या दशकातच अशा कंपन्यांचे प्रायोजकत्व नाकारले. २००३ च्या दुरुस्तीने परिषदा, शिष्यवृत्त्या, संशोधन या सर्वांसाठी तो पैसा बेकायदा ठरवला. ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने हाच निर्णय घेतला तो २०१९ साली!

६/ मात्र कायदा बाळाच्या दुधापुरता, दोन वर्षांपर्यंतच्या आहारापुरता आणि बाटलीपुरता राहिला. २००८ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या फळरसाला आणि ओट्सला आपले बोधचिन्ह वापरू दिले. भारतीय वैद्यक परिषदेने तो आचारसंहितेचा भंग मानला. दुधाचे दार बंद होते. शेजारचे उघडेच होते.

७/ 'पैसा नाकारला तर काम कसे चालेल?' हा आक्षेप खोटा नाही. नवजात कक्षातील यंत्रे आणि परिचारिकांचे प्रशिक्षण यांना पैसा लागतोच. म्हणून माझे मत सरसकट नकाराचे नाही. तीन अटी मात्र हव्यात. मुलांच्या तोंडी किंवा अंगाला लागणारी वस्तू विकणाऱ्याशी करार नको. संघटनेचे नाव व चिन्ह कोणत्याही वेष्टनावर नको. करारपत्र आणि रक्कम सर्वांना पाहता यावी.

८/ 'मूल्याधिष्ठित भागीदारी' हा शब्द करारात लिहिणे सोपे आहे. मूल्य कळते ते नकार देताना. आई डॉक्टरांचे ऐकते, कारण त्यांना काही विकायचे नाही असे ती धरून चालते. हा विश्वास कोणत्याही संघटनेच्या मालकीचा नाही. मग तो भाड्याने देण्याचा अधिकार तिला कोणी दिला?