कुत्र्याच्या दुखण्यावर घरातली गोळी नको

कळंब परिसरातल्या वस्त्यांवर उसातून बिबट्या निघाला, की त्याची चाहूल आधी लागते ती दारातल्या कुत्र्याला. अनेकदा पहिला घावही त्यालाच बसतो. कधी रस्त्यावर गाडीचा धक्का लागतो, कधी म्हातारपणी सांधे धरतात. मुके जनावर कण्हू लागले, की घरच्यांचा जीव तुटतो. मग फळीवरची अंगदुखीची गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून त्याला दिली जाते. हेतू चांगला असतो. पण ही माया त्याच्या जिवावर बेतू शकते.

साधा हिशोब पाहा. आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी ६० किलोच्या माणसाला किलोमागे ७ मिलिग्रॅमहून कमी पडते. १५ किलोच्या कुत्र्याला तीच २६ मिलिग्रॅमहून जास्त होते. मग अर्धी गोळी द्यावी का? तीही नको. कुत्र्याच्या शरीरात हे औषध जास्त वेळ राहते. जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅकही तितकेच घातक. पॅरासिटामॉल जास्त झाले तर यकृत बिघडते. मांजराला तर एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

एकाचे औषध दुसऱ्याचे विष कसे ठरते, हे आपण गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि देशभरातली गिधाडे झपाट्याने कमी झाली. म्हणून २००६ साली केंद्र सरकारने जनावरांसाठी या औषधाचे उत्पादन बंद करण्याचा आदेश दिला.

मग कुत्र्याने वेदना सोसायच्या का? मुळीच नाही. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी औषधे पशुवैद्य कुत्र्यांना देतात. पण वजन, वय आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून. १५ किलोच्या कुत्र्याला मेलॉक्सिकॅमची रोजची मात्रा साधारण दीड मिलिग्रॅम असते. माणसांची गोळी १५ मिलिग्रॅमचीही मिळते, म्हणजे दहापट! तेव्हा नाव तेच आहे म्हणून घरची गोळी देऊ नये.

डॉक्टर येईपर्यंत कुत्र्याला गोणपाटावर शांत निजवावे, हालचाल करू देऊ नये. वेदनेत मालकालाही चावा बसू शकतो, हे ध्यानात ठेवावे. चुकून गोळी दिली गेलीच, तर उलटी, काळी शी किंवा सुस्ती दिसण्याची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजू नये. गोळीचे पाकीट घेऊन तडक दवाखाना गाठावा आणि काय दिले ते न लाजता सांगावे.

औषध दुकानदारांनाही विनंती, की गोळी कुणासाठी हवी, एवढे विचारा. रात्रभर आपली राखण करणाऱ्याला निदान त्याच्या वजनाचे, त्याच्यासाठीचे औषध मिळावे, एवढा त्याचा हक्क नाही का?